पंधरा दिवसांची मुदत

मागण्याचे प्रकार जगांत पुष्कळ आहेत. भिक्षुक भिक्षा मागतो, भक्त वर मागतो, मुलाचा बाप मुलीस मागणी घालतो, आणि परीक्षेचा निकाल लागला म्हणजे विद्यार्थी गुणांची फेरमोजणी मागतात. या साऱ्या मागण्यांत मागणाराला फारशी लाज वाटत असल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु आपलेच पैसे परत मागावयाचे असले, म्हणजे मात्र भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटते. देणेकरी रस्त्यांत समोरून ताठ मानेनें येतो, आणि आपणच दुकानांच्या पाट्या वाचीत उभे राहतों. प्रकृतीची, मुलांच्या शिक्षणाची, पावसापाण्याची चौकशी होते. निघतांना तो "येतों हं" म्हणतो. आणि जी गोष्ट विचारण्यासाठीं आपण आठ दिवस त्याची वाट पाहिली, ती ओठांवरून पुन्हां पोटांत जाते. अध्यापनाच्या धंद्यांत तीस वर्षें घालविलेल्या मनुष्याला तर ही विद्या मुळींच येत नाहीं. आम्ही जन्मभर इतरांकडे उत्तरें मागत आलों. पैसे मागण्याचा प्रसंग आमच्यावर फारसा आला नव्हता.

तो २०२३ सालीं आला. औसा तालुक्यांतील आमच्या वडिलोपार्जित जमिनीची तूर लातूरच्या एका आडत दुकानांत गेली होती, आणि तिच्या पट्टीच्या रकमेचा चेक आम्हीं नांदेडच्या आमच्या खात्यांत भरला होता. तो न वटतां परत आला. बरोबर बँकेची लहानशी इंग्रजी चिठी होती. खात्यांत पुरेशी शिल्लक नाहीं, एवढाच तिचा आशय. रक्कम एक लाख बेचाळीस हजार. बँकेनें जातां जातां आमच्याही खात्यांतून कांहीं रुपये कापून घेतले. आपले पैसे आपल्याला न मिळाल्याबद्दल दंडही आपणच भरावा, या न्यायाचें मूळ कोणत्या स्मृतींत आहे, असें आम्हीं आमच्या संस्कृतच्या सहाध्यापकांना विचारून ठेविलें आहे. त्यांचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.

अडचण रकमेची नव्हती. अडचण अशी कीं, चेकवरील सही ज्या पेढीच्या मालकाची होती, त्या पेढीशीं आमच्या घराचा व्यवहार तीन पिढ्यांचा. आमचे आजोबा त्या दुकानीं हाली सिक्क्याच्या रुपयांत हिशेब करीत. तेव्हां लातूर निजामाच्या राज्यांत होतें, आणि १९१७ सालीं उभ्या राहिलेल्या गंजगोलाईकडे येणारे सोळाही रस्ते सुगींत बैलगाड्यांनीं भरून जात. १९४८ सालीं संस्थान गेलें, मागाहून हाली सिक्काही गेला; १९८२ सालीं लातूर उस्मानाबादेपासून निघून स्वतंत्र जिल्हा झाला; पेढी गोलाईजवळून मार्केट यार्डांत गेली. आमचें माल घालण्याचें दुकान तेवढें बदललें नाहीं.

आडत्या म्हणजे काय, हें पुण्यामुंबईच्या वाचकांस थोडें सांगावयास हवें. कागदोपत्रीं तो शेतकऱ्याचा माल लिलावांत विकून देणारा आणि त्याबद्दल आडत घेणारा मनुष्य. प्रत्यक्षांत तो शेतकऱ्याची बँक असतो, आणि पुष्कळदां बँकेहून अधिक असतो. आम्ही पदवीच्या वर्गांत गेलों त्या वर्षीं पाऊस गेला होता. वडिलांनीं चार ओळींची चिठी लिहून आम्हांस दुकानांत पाठविलें. शेटजींनीं ती वाचली, गल्ल्यांतून फीचे पैसे काढून दिले, आणि "वरच्या शिलकीला चहापाणी" म्हणून आणखी दहाची एक नोट हातावर ठेवली. याचें व्याज त्यांनीं लावलें नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. आमचे वडीलही शेटजींना देव मानीत नसत, आणि काट्याजवळ स्वतः उभे राहिल्याशिवाय पोतें उचलूं देत नसत. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आमच्या गांवच्या घराच्या दोन भिंती बसल्या, आणि तिसऱ्या दिवशीं शेटजी रुमालांत नोटा बांधून स्वतः आले. वडिलांनीं कागदाची गोष्ट काढली, तेव्हां ते म्हणाले, "कागद कशाला? दुकानबी इथंच हाय, अन् गावबी." ती रक्कम फिटावयास चार सुग्या लागल्या.

शेटजी आतां नाहींत. गादीवर त्यांचे चिरंजीव बसतात. त्यांना सारे धाकटे शेट म्हणतात. आमच्या बंधूंचें ऐकून तेही आम्हांस लहानपणापासून दादा म्हणत आलेले. पहिल्या खेपेस चेक परत आला तेव्हां आम्हीं फोन केला. "दादा, चुकून झालं; सोमवारीं पुन्हा टाका," असें उत्तर आलें. चेकचें आयुष्य तीन महिन्यांचें असतें. पूर्वीं तें सहा महिन्यांचें असे, १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेनें तें निम्म्यावर आणलें. एवढ्या आयुष्यांत तो कितीही वेळां बँकेंत टाकतां येतो. सोमवारीं टाकला, बुधवारीं परत आला. हल्लीं चेकचा कागद स्वतः गांवोगांव फिरत नाहीं, त्याची प्रतिमाच पुढें जाते. त्यामुळें चेकचें जाणें लवकर होतें आणि तोंड फिरवून येणेंही लवकर होतें. त्यानंतर आमचे फोन नुसते वाजूं लागले. सात वेळां वाजले, असें सौभाग्यवतींचें म्हणणें. आम्हीं मोजले नव्हते.

देणें बुडविणें आणि तें वसूल करणें या दोन्ही कला आपल्याकडे जुन्या आहेत. वसुलीचा पहिला उपाय तगादा. तो कोणासही येतो. दुसरा धरणें. पेशवाईंत सावकार ऋणकोच्या दारांत जाऊन बसे. आंतल्यांनीं जेवूं नये एवढ्यासाठीं बाहेरचाही जेवीत नसे. दोघांचा उपास एकाच उंबरठ्याच्या दोन बाजूंना चाले, आणि सावकार उपाशी मेला तर त्याचें पाप ऋणकोच्या माथीं. या रीतीचा धाक एवढा होता कीं, १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमांत, ईश्वरी कोपाची भीति घालून काम करून घेण्याचा गुन्हा समजावतांना, पहिलें उदाहरण दारांत धरणें धरून बसणाराचेंच दिलेलें होतें. आतां लोक धरणें सरकारच्या दारीं धरतात. सावकारांनीं तें सोडून दिलें आहे. त्या रीतींत एक गोष्ट मात्र होती, कीं मागणारालाही मागण्याची कांहीं किंमत द्यावी लागे.

हुंडीचा व्यवहार याहून पुष्कळ सभ्य. दर्शनी, मुदती, शाहजोग, जोखमी अशा तिच्या जाति. ज्याच्यावर हुंडी काढली त्यानें ती सकारली नाहीं, तर लिहिणाराचें नांव पेठेंत जाई. तरी तेथेंही एक सोय केलेली असे. हुंडीबरोबर कधीं कधीं एक जिकरी चिठी देत; ती त्याच पेठेंतल्या दुसऱ्या एखाद्या स्नेह्याच्या नांवें असे, आणि हुंडी नाकारली गेली तर आपण पुढें होऊन ती पतकरावी, अशी विनंति तिच्यांत असे. पत जाण्यापूर्वीं ती वांचविणारा मनुष्य आधींच योजून ठेवावा, ही कल्पना आम्हांस फार आवडते. १८८१ सालीं ब्रिटिश सरकारनें चेक, वचनचिठी व हुंडी यांचा एकत्र कायदा केला, तेव्हां त्याच्या पहिल्याच कलमांत देशी भाषांतील अशा कागदांचा स्थानिक रिवाज अबाधित राखला. या कायद्याला सरकारी मराठींत परक्राम्य संलेख अधिनियम म्हणतात. ज्यांना तें एका दमांत म्हणतां येईल त्यांचे पैसे बहुधा बुडत नसावेत.

आमचे धाकटे बंधु गांवीं शेती पाहतात. पट्टी थोरल्याच्या नांवानें करण्याचा वडिलांच्या वेळचा रिवाज चालत आलेला, म्हणून चेक आमच्या नांवें होता. एरवीं त्या तुरीशीं आमचा संबंध वर्षांतून दोन पोती डाळीपुरता. आम्हीं बंधूंना म्हटलें, "जाऊं दे. भूकंपांत त्यांच्या वडिलांनीं आपल्याला सांभाळलें. तुकोबांनीं तर सारीं खतें इंद्रायणींत बुडविलीं." बंधूंचें इंग्रजी शिक्षण झालेलें नाहीं, त्यामुळें त्यांचें उत्तर नेहमीं तयार असतें. ते म्हणाले, "तुकोबानं आपल्या वाट्याचीच बुडवली, दादा. कान्होबाच्या वाट्याची त्याच्या हातात दिली."

कथा खरोखर तशीच सांगतात. धाकट्या भावाचा वांटा त्याला तोडून देऊन मगच तुकारामांनीं आपल्या वांट्याचीं खतें पाण्यांत टाकलीं. आणि या तुरींत निम्मा वांटा बंधूंचा होता. त्याच्याही आधीं बटईदाराचा. बटईदारानें कृषि-सेवा केंद्रांतली उधारी या पट्टीच्या भरंवशावर ठेवली होती, आणि पेरणी जवळ येत होती. हें खत इंद्रायणींत बुडण्यासारखें नव्हतें. आमच्या औदार्याचा खर्च दुसऱ्याच्याच खात्यावर पडत आहे, हें दिसल्यावर आणखी कांहीं बोलण्यासारखें उरलें नाहीं.

नांदेडास आमचा एक जुना विद्यार्थी वकिली करतो. वर्गांत तो शेवटच्या बांकावर बसे, आणि दोन वर्षांत त्याचा आवाज आम्हीं हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. त्या दिवशीं तो पाऊण तास बोलला आणि आम्हीं टिपणें घेतलीं. त्यानें पहिलेंच वाक्य असें उच्चारलें कीं, तें आम्हीं त्याच्याकडून दोनदां म्हणवून घेतलें. "सर, चेक परत आला हा गुन्हा नाही."

मग गुन्हा कोणता? १८८१ च्या मूळ कायद्यांत चेक न वटणें हा गुन्हा नव्हताच. पैसे हवे असतील तर दिवाणी दावा लावावा, आणि लबाडी सिद्ध करतां येत असेल तर फसवणुकीची फिर्याद करावी, एवढेच मार्ग होते. १९८८ सालीं कायदा दुरुस्त झाला, आणि १ एप्रिल १९८९ पासून त्यांत १३८ वें कलम आलें. चेकवर पेठेनें विश्वास ठेवावा, हा त्याचा हेतु. परंतु हें कलम ज्यांनीं रचलें त्यांनीं त्यांत पायऱ्या घातल्या. चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाली, कीं तेथून तीस दिवसांच्या आंत घेणेकऱ्यानें चेकच्या रकमेची लेखी मागणी करावयाची. पूर्वीं हे दिवस पंधराच होते, २००२ च्या दुरुस्तीनें तीस झाले. ती नोटीस पोंचल्यापासून देणेकऱ्याला पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत पैसे आले, तर गुन्हा घडलाच नाहीं. नाहीं आले, तरच सोळाव्या दिवशीं तो पुरा होतो. मग एक महिन्याच्या आंत फिर्याद करावयाची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२४ च्या जुलैपासून दीडशें वर्षांहून जुनी दंडसंहिता गेली आणि तिच्या जागीं नवी न्यायसंहिता आली, तरी हें कलम आपल्या जागीं आहे.

नोटीस म्हणजे एखाद्याच्या तोंडावर मारावयाचा कागद, अशी आमची व आमच्यासारख्या बहुतेकांची समजूत असते. सभ्य घरांत हा शब्द हळू आवाजांत उच्चारतात. येथें तर उलटच दिसूं लागलें. चेक परत येणें आणि गुन्हा घडणें यांच्यामध्यें कायद्यानें मुद्दाम पंधरा दिवसांची जागा मोकळी सोडली आहे, आणि त्या जागेचा दरवाजा नोटिशीवांचून उघडत नाहीं. घेणेकऱ्यानें नोटीस न पाठवितां मनांतल्या मनांत कुढत राहणें, चार लोकांत देणेकऱ्याचें नांव घेणें, लग्नाकार्यांत त्याला टाळणें, हा जो आमचा मध्यमवर्गीय सभ्यपणा, त्यांत देणेकऱ्याला ही जागा कधींच मिळत नाहीं. तो आपल्या नकळत आपल्याकडून दोषी ठरलेला असतो, आणि त्याला मुदत अशी कोणी दिलेलीच नसते. जुनी जिकरी चिठी तिसऱ्याच्या नांवें असे. ही ज्याची पत जाऊं पाहत आहे त्याच्याच नांवें असते.

मसुदा मात्र आमच्या हातीं आला तेव्हां हा विचार टिकेना. कोर्टाची मराठी ही एक स्वतंत्र भाषा आहे. "आमचे अशिलांचे सूचनेवरून" असा तिचा आरंभ होतो, "सदरहू" हा तिचा श्वास असतो. "आपण आडतीचा व्यवसाय करतां व आमचे अशील आपले दुकानीं माल घालतात," या एका वाक्यांत तीन पिढ्या बसल्या होत्या. पुढें "आमचे अशिलांची फसवणूक करण्याचे कुटिल हेतूनें आपण सदरहू चेक दिला" असें होतें. आम्हीं पेपर तपासण्याच्या संवयीनें "कुटिल" शब्दावर रेघ मारली. विद्यार्थी म्हणाला, "राहूं द्या सर, वजन येतं." या कलमाला हेतु सिद्ध करावा लागतो काय, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, मुळींच नाहीं. चेक दिला तेव्हां तो परत जाईल असें वाटलें नव्हतें, हा बचावसुद्धां १४० व्या कलमानें बंद केला आहे; कायदा मनांत डोकावत नाहीं. "मग हें वजन कोणाच्या डोक्यावर ठेवावयाचें?" असें आम्हीं म्हटल्यावर तो हंसला, आणि हेतूचें सबंध वाक्यच गेलें. नोटिशीला ठराविक नमुना नसतो. चेकची रक्कम स्पष्ट मागितली, चेकचा व तो परत आल्याचा तपशील दिला, म्हणजे पुरे. एक पान उरलें. त्यांत एकही विशेषण नव्हतें.

जातां जातां आम्हीं विचारलें कीं, उद्यां फिर्याद करावी लागली तर ती कोठें, नांदेडास कीं लातुरास? लोहा, अहमदपूर, चाकूर अशी एसटी धरली तर या दोन गांवांमध्यें तीन-चार तास जातात, आणि दर तारखेस असे जाऊन येऊन सात-आठ. प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तरानें या देशांतील न्यायालयांना सोळा वर्षें नाचविलें आहे. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें भास्करन यांच्या खटल्यांत सांगितलें कीं चेक देणें, तो बँकेंत भरणें, परत येणें, नोटीस देणें व पैसे न देणें यांपैकीं कोणतीही गोष्ट जेथें घडली तेथें फिर्याद करावी. याचा फायदा घेऊन मोठमोठ्या संस्था आपल्या सोयीच्या शहरांतून नोटिसा पाठवूं लागल्या, आणि दूरच्या देणेकऱ्यांना तेथें ओढूं लागल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजीं आपल्याच राज्यांतून गेलेल्या दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणांत न्यायालयानें तें फिरविलें. चेक देणाराची बँक जेथें, तेथेंच फिर्याद. कितीतरी फिर्यादी परत करण्यांत आल्या. त्या नियमानें आम्हांस लातूर गांठावें लागलें असतें. पुढें २०१५ सालीं संसदेनें कायदाच बदलला, आणि चेक खात्यांत भरला असेल तर भरणाराची बँक-शाखा जेथें, तेथें न्यायालय ठरविलें. म्हणून आमचें न्यायालय नांदेड. एकाच चेकचें माहेर आणि सासर कोणतें, हें ठरविण्यास एवढा काळ लागला.

वकिलाच्या कचेरींतल्या बांकावर बसलों असतां दुसरीही एक गोष्ट दिसली, ती सांगितली पाहिजे. कारकून एक गठ्ठा लिफाफ्यांत भरीत होता. कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या त्या छापील नोटिसा. नांव, रक्कम आणि चेकचा क्रमांक एवढ्याच जागा हातानें भरलेल्या. दुचाकीसाठीं, ट्रॅक्टरसाठीं कर्ज घेतांना लोकांकडून सही केलेले कोरे चेक तारण म्हणून घेऊन ठेवतात, आणि हप्ता चुकला कीं त्यांवर रक्कम लिहून ते बँकेंत टाकतात. ३१ डिसेंबर २०१९ रोजीं देशांत दोन कोटी एकतीस लाख फौजदारी खटले तुंबलेले होते, आणि त्यांतील पस्तीस लाख सोळा हजार याच एका कलमाचे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं नमूद केलें. या लाखोंत आमच्यासारखी तूर विकलेले थोडे, आणि कोरा चेक देऊन बसलेले पुष्कळ असावेत, असा आमचा तर्क आहे. २०१८ पासून तर खटला चालूं असतांनाच रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत भरपाई आरोपीकडून देवविण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला आहे. पंधरा दिवसांच्या मुदतीचें आम्हीं वर जें कौतुक केलें, तें ज्याच्याजवळ मोडावयास कांहीं ठेव आहे त्याच्यापुरतेंच खरें. ज्याच्याजवळ ती नाहीं त्याला पंधरा दिवस काय आणि पन्नास दिवस काय.

नोटीस रजिस्टर टपालानें, पोंचपावतीसह गेली. तें टपाल तेव्हां निराळें होतें. २०२५ सालीं टपालखात्यानें तें स्पीड पोस्टांत मिळवून टाकलें. नोटीस घ्यावयाचीच नाहीं असें ठरविणारे लोक पुष्कळ असतात. पोस्टमनच्या हस्ताक्षरांत "घर बंद", "घेण्यास नकार" असे शेरे घेऊन पाकिटें परत येतात. परंतु बरोबर पत्त्यावर पाठविलेलें रजिस्टर टपाल पोंचलेंच असें कायदा धरून चालतो, आणि नोटीस मिळालीच नाहीं असें म्हणणारानें समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तरी पैसे भरावेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं सांगितलें आहे. धाकट्या शेटनीं असें कांहीं केलें नाहीं. आठव्या दिवशीं पोंचपावती आली. तिच्यावर त्यांची तीच वळणदार सही होती, जी चेकवर होती. चेकवरची सही परत आली होती. ही तेवढी वटली.

पुढचे दिवस सौभाग्यवती कालनिर्णयावर रोज एक फुली मारीत. आम्हीं फोन केला नाहीं. नोटीस गेल्यावर फोन करणें हें एका हातानें दार उघडून दुसऱ्यानें ओढून घेण्यासारखें झालें असतें. बंधु एकदां लातुरास जाऊन आले, पण त्या दुकानावरून गेले नाहींत. दामाजीपंतांचें देणें विठूनें बेदरास जाऊन चुकतें केलें आणि पावतीही आणली, असें महिपतिबोवा सांगतात. लातुराहून बेदर कांहीं फार दूर नाहीं. तरी तेराव्या दिवसापर्यंत कोणी आलें नाहीं.

तेराव्या दिवशीं सकाळीं अकरा वाजतां धाकटे शेट स्वतः आले. खुर्चीच्या कडेवर बसले. चहा घेतला नाहीं. आदल्या दिवशीं एनईएफटीनें सबंध रक्कम खात्यांत भरल्याचा कागद त्यांनीं पुढें ठेवला. "मुलीच्या नावची ठेव मोडली, दादा," असें ते म्हणाले, पण तक्रार म्हणून म्हणाले नाहींत. मग थोड्या वेळानें म्हणाले, "पोस्टमननं दुकानात सही घेतली. हमाल, मापाडी, सगळे उभे होते. वडील असताना आपल्या दुकानात असा कागद कधी आला नाही."

यावर बोलण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नव्हतें. सात फोनांची गोष्ट सौभाग्यवतींच्या तोंडावर आली होती. पण त्यांनीं ती तेथेंच ठेवली, आणि न विचारतां दुसऱ्यांदां चहा आणला. तो त्यांनीं घेतला. मग त्यांनीं पिशवींतून एक चेक काढला. शहरांतल्या एका मोठ्या डाळमिलचा तो चेक. रक्कम आमच्या चेकच्या सहापट. तोही परत आलेला. मिलवाल्यानें पैसे दिले असते तर आमचा चेक वटला असता. आपण नोटीस का दिली नाहीं, असें आम्हीं विचारलें. "एवढ्या मोठ्या पार्टीला कशी द्यायची? उद्या ते माल घ्यायचे बंद झाले तर दुकान कुणाच्या जिवावर चालवू?" असें ते म्हणाले, आणि मग ज्या कामासाठीं ते नांदेडपर्यंत आले असावेत असें आतां आम्हांस वाटतें, तें त्यांनीं विचारलें. "तीस दिवस म्हणतात ते कधीपासून मोजायचे, दादा?"

बँकेच्या चिठीवरची तारीख पाहिली. सत्ताविसावा दिवस चालला होता. आम्हीं विद्यार्थ्याला फोन केला आणि दोघेही त्याच्या कचेरींत गेलों. बांकावर जागा नव्हती. धाकटे शेट दाराशीं उभे राहिले. त्यांचें खातें लातुरास, म्हणून फिर्याद लागली तर ती तिकडेच, असें त्यानें समजावून सांगितलें. मग मसुदा छापून निघाला. जुन्याच नमुन्यावरून काढलेला असल्यामुळें "कुटिल हेतूनें" हे शब्द त्यांत पुन्हां आले होते. विद्यार्थ्यानें आमच्याकडे पाहिलें आणि लेखणी उचलली.

"राहू द्या ते, वकीलसाहेब," धाकटे शेट म्हणाले. "वजन येतं."

नोटीस त्यांची होती. आम्ही मध्यें बोललों नाहीं. चारच्या लातूर गाडीला अवकाश होता, म्हणून टपालाचें काम उरकूनच ते निघाले.